वहिनीनं हात लावलेलं घर

आमच्या घरातली सकाळ आवाजांनी सुरू व्हायची. आधी गोठ्यातून कडबा कुट्टीच्या यंत्राची घरघर, मग आबांचा रेडिओ, मग वाळूजच्या कंपनीत जाणाऱ्या दादाला न्यायला आलेल्या बसचा फाट्यावरचा हॉर्न. या सगळ्यांच्या खाली, कोणी लक्ष देत नसलेला एक आवाज असायचा. वहिनी भाकरी थापत असायची. तिच्या हाताला एक लय होती. दोन जोरात, एक हळू, मग बांगड्या सारल्याचा आवाज, आणि पुन्हा दोन जोरात. मी अंथरुणातूनच ओळखायचे, आज बाजरी आहे की ज्वारी. घरात वहिनीचा आवाज म्हणजे तेवढाच. तिला आमच्या घरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि सासऱ्यासमोर ती एकदाही बोलली नव्हती. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते. पण वहिनीनं तो शब्दही आबांसमोर उच्चारलेला मला आठवत नाही. काही विचारायचं असलं की ती आईला विचारायची, आई आबांना, आणि उत्तर त्याच वाटेनं परत यायचं. यात कोणालाही काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मी तेव्हा बिडकीनहून रोज एसटीनं शहरातल्या कॉलेजात जायचे. शहराला आम्ही अजून औरंगाबादच म्हणत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं मी तिथं नेमकं काय करते हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि मलाही ते सांगता यायचं नाही. भूगोल घेतलाय म्हटल्यावर आबा म्हणाले होते, नकाशे तर चौथीतच काढले की. दुसऱ्या वर्षाला आले तशी एक सोयरीक चालून आली. मुलगा बरा होता, शेती बागायती होती. आबांनी त्यांना ना हो म्हटलं ना नाही. त्याच सुमारास विभागाची चार दिवसांची अभ्यास सहल निघाली, सातपुड्यात, तोरणमाळच्या बाजूला. सहलीचा अहवाल लिहायचा होता आणि त्याला गुण होते. मी दोन दिवस मनात वाक्यं जुळवली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना एका दमात सगळं सांगून टाकलं. आबांचा घास थांबला. ते म्हणाले, "डोंगर बघून कोणी शहाणं झालंय व्हय?" हात धुताना म्हणाले, की सून संगं जाईल. डोळ्यानं बघून येईल की ह्याला शिक्षण म्हणायचं का हिंडणं. शिक्षण असलं तर पुढचं वर्ष, नाहीतर पाहुण्यांना होकाराचा निरोप.

म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य वहिनीच्या जिभेवर ठेवलं गेलं, आणि वहिनी तर बोलतच नव्हती.

आमच्या सरांनी तिला यायची परवानगी दिली. बसमध्ये एक जागा रिकामी होती, आणि घरचं माणूस सोबत आहे म्हटल्यावर दुसऱ्या दोन मुलींचे वडीलही तयार झाले. वहिनी मात्र लग्नाला निघाल्यासारखी निघाली. आदल्या दुपारपासून ती धपाटे करत होती. मी किती म्हटलं की जेवणाची सोय आहे, तर म्हणाली, सोय लोकांची असती, भूक आपली असती. तिनं कारळ्याची चटणी, दाण्याची चटणी आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली धपाट्यांची एवढी मोठी चळत घेतली. मला त्या गाठोड्याची लाज वाटत होती. ते मी पायांमध्ये, सीटखाली सरकवून बसले. कन्नडचा घाट उतरेपर्यंत ते अख्ख्या बसमधून फिरून रिकामं झालं होतं, मागच्या सीटवरची पोरं चटणीच्या डब्यात बोटं घालत होती, आणि चाळीसगावला पोचेपर्यंत ती सगळ्यांची वैनी झाली होती. मला दीड वर्षात कॉलेजात जितकी माणसं ओळखत नव्हती, तितकी तिला चार तासांत ओळखू लागली.

तोरणमाळला पोचायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा वाटाड्या आला. दिलवरभाऊ त्याचं नाव. तिथलाच, पावरा समाजाचा. शहाद्याच्या कॉलेजातून शिकून परत आलेला. चालताना तो मागं वळून बघायचा नाही, पण कोण मागं पडलंय हे त्याला न बघता कळायचं. त्यानं आम्हाला कड्यावर नेलं. खाली दरीत धुकं भरलेलं होतं आणि त्यातून डोंगरांच्या पाठी एकामागून एक वर आल्या होत्या, पार नर्मदेपर्यंत. मी पुस्तकात सातपुडा किती वेळा रंगवला होता, तपकिरी पेन्सिलीनं. तो असा निळा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या शेजारी वहिनी पदर डोक्यावर घट्ट धरून उभी होती. वारा पदर सोडवत होता आणि ती सोडत नव्हती. ती हळूच म्हणाली, "ताई, ढग आपल्या खाली हायेत. घरी सांगितलं तर खरं वाटंल का कोणाला?"

सर समोरच्या कड्यातले लाव्हाचे थर दाखवत होते. एक उद्रेक, मग शांतता, मग पुन्हा उद्रेक, असे थरावर थर. पोरं वहीत लिहीत होती. वहिनीनं मला विचारलं की ते कड्यात काय दाखवत्यात. मी माझ्या परीनं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे धपाट्याची चळत की. खालचं आधी केलेलं, वरचं गरम. ते सरांनी ऐकलं आणि ते मोठ्यानं हसले. आता मी स्वतः दख्खनचे थर शिकवते, तेव्हा धपाट्याची चळत हमखास सांगते. सरही पुढं कित्येक वर्षं वर्गात सांगायचे म्हणे, फक्त कोणाची ते सांगायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका पाड्यावर जाणार होतो. सहलीच्या कागदावर त्यासमोर लिहिलं होतं: लोकसंस्कृती, नृत्य, चर्चा. दोन तास उतरत गेल्यावर पाडा लागला. पाडा म्हणजे आपल्यासारखं एकाला एक खेटून गाव नव्हे. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, एक या टेकाडावर, दुसरं त्या टेकाडावर. ज्या घरी आम्हाला जायचं होतं, तिथं पोचलो तर घराला छप्परच नव्हतं. नुसता लाकडांचा सांगाडा आणि बांबूच्या, मातीनं लिंपलेल्या भिंती. अंगणात नळीच्या कौलांचे ढीग होते आणि पंचवीस-तीस माणसं, बायका कामाला लागलेली. दिलवरभाऊ कपाळाला हात लावून उभा राहिला. त्यानं त्या घरच्या म्हाताऱ्याशी, वेस्ताबाबाशी, बोलणं केलं आणि सरांकडं येऊन ओशाळून सांगितलं, की आज इथं लाहा आहे. लाहा म्हणजे एका घराचं काम सगळ्या पाड्यानं मिळून करायचं. ज्याचं काम त्यानं फक्त जेवण घालायचं. दिवस काल ठरला, त्याला कळलं नव्हतं. आता छप्पर चढेपर्यंत नाच नाही नि चर्चा नाही.

आम्हाला खाटांवर बसवलं, काळा चहा दिला. पोरांची तोंडं उतरली. कोणी म्हणालं, एवढं चालून आलो ते कौलं बघायला का. मला वेगळीच चिंता लागली होती. अहवालातला अर्धा भाग या पाड्यावर लिहायचा होता, आणि इथं तर काहीच होत नव्हतं. मी खरंच तसंच समजत होते. समोर तीस माणसं एक घर उभं करत होती, आणि मी वही मिटून बसले होते, की काहीच होत नाही म्हणून.

वहिनीनं चहाला हात लावला नव्हता. ती खाटेच्या कडेला अंग चोरून बसली होती आणि एकदा कौलांच्या ढिगाकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "ताई, हे काय बरं दिसत नाय. त्यांच्या घरावर छप्पर नाय, आन आपण बसून चहा पितोय." मी म्हटलं, आपण पाहुणे आहोत. ती म्हणाली, कामाच्या घरात पाहुणा नसतो. आमच्याकडंही तसंच मानतात, हे खरं होतं; कोणाच्या घरी पापड लाटणं चालू असताना बाई गेली, तर ती पोळपाट ओढूनच बसते. वहिनी उठली, तिनं पदर कमरेला खोचला आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ढिगापासून शिडीपर्यंत बायका एकमेकींच्या हातात कौल देत होत्या, शिडीवरची पोरं वर घेत होती आणि वर बसलेले पुरुष ते बसवत होते. दोन बायका सरकल्या आणि वहिनीला जागा झाली. शेजारच्या जमनाबाईनं, ती वेस्ताबाबाची सून, वहिनीच्या हिरव्या काचेच्या बांगड्यांकडं बघून काही म्हटलं आणि सगळी रांग हसली. वहिनीला एक अक्षर कळलं नाही, तरी तिनं जमनाबाईच्या दंडावरच्या चांदीच्या जाड वाळ्याकडं बोट दाखवून ठसक्यात म्हटलं, आन हे घालून तुमचा हात उचलतो तरी कसा बाई? त्यांनाही ते कळलं नाही आणि त्या आणखीनच हसल्या. मग त्या दोघी दुपारपर्यंत बोलत होत्या, ही मराठवाड्याच्या बोलीत, ती पावरीत, आणि दोघींचं काही अडत नव्हतं.

पदर केव्हा खांद्यावर आला आणि केव्हा पाठीवर गेला, हे वहिनीला कळलंच नाही. मी मात्र पाहिलं. सहा वर्षांत मी तिचे केस असे उन्हात पाहिले नव्हते. कौल घेताना ती थोडी वाकायची, देताना उंच व्हायची, आणि थोड्या वेळानं अख्खी रांग तिच्या लयीत चालू लागली. दोन जोरात, एक हळू. मग आमच्या मुली उठल्या, मग पोरं, शेवटी सर बाह्या सारून आले. त्यांच्याकडून पहिल्याच दोन मिनिटांत एक कौल फुटलं आणि म्हातारा वरून काहीतरी ओरडला. दिलवरभाऊनं त्याचं भाषांतर करायचं टाळलं. आमच्यातले बरेचजण हौस फिटल्यावर सावलीला गेले, फोटो काढू लागले. वहिनी शेवटचं कौल चढेपर्यंत हलली नाही.

जेवण उशिरा झालं. हातावर मावणार नाहीत एवढ्या ज्वारीच्या भाकरी, उडदाची घट्ट डाळ, अंबाडीची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा. आम्हाला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं होतं. वहिनीला जमनाबाई हाताला धरून काम करणाऱ्यांच्या पंगतीत घेऊन गेली. मला तिथून ती दिसत होती, तोंडावर लाल माती, डाळीत भाकरी कुस्करत, घरात कधी जेवत नाही तशी मोकळी जेवत होती. घरी ती सगळ्यांच्या मागून, चुलीकडं तोंड करून जेवायची. त्या दिवशी मला तिच्याकडं बघून इतका आनंद झाला, की मी अहवाल विसरले, सोयरीक विसरले. खोटं कशाला सांगू, तो आनंद अर्धा तासच टिकला.

कारण जेवण झाल्यावर वेस्ताबाबा वहिनीपुढं येऊन उकिडवा बसला आणि त्यानं काही विचारलं. दिलवरभाऊ म्हणाला, "बाबा विचारतोय, तुमचं काम कोणत्या दिवशी आहे?" वहिनीला थट्टा वाटली. दिलवरभाऊ हसत नव्हता. त्यानं समजावून सांगितलं, की बाकीची पोरं हौसेनं आली आणि गेली, ते पाहुणेच. पण ही बाई न बोलावता उठली, पहिल्यापासून शेवटपर्यंत राहिली, आणि लाहाच्या पंगतीत जेवली. म्हणजे तिच्या घरानं या घराला एक दिवस दिला. आता ती बोलवील तेव्हा या घराला जावंच लागेल. बाबा विचारतोय गाव कोणतं आणि काम काय.

मी वहिनीच्या मागं उभी होते. मला वाटलं ती माझ्याकडं बघेल, मी काहीतरी सारवासारव करीन, म्हणेन की तसं काही नको बाबा, तुमचे आशीर्वाद असू द्या. आमच्या घरात काय काम काढायचं, कधी काढायचं, हे आबा ठरवतात. त्या घरात वांगं करायचं की मेथी, हेही वहिनीला कोणी विचारत नव्हतं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला, म्हाताऱ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "गाव बिडकीन. गोठ्याचं छप्पर बदलायचंय. पाडव्याच्या आधी या."

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये पोरं गाणी म्हणत होती आणि मी वहिनीच्या कानाशी लागून तिची विनवणी करत होते. आबांना कळलं तर संपलंच. ते म्हणतील, डोंगरात जाऊन परक्या माणसांना घराचं काम सांगून आल्या, हेच का शिक्षण? पुढचं वर्ष जाईल, कॉलेज जाईल. काहीही सांग, छान झालं म्हण, सर चांगले आहेत म्हण, पण हे सांगू नको. वहिनी खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "तुमचं वर्ष जाऊ नये असं मला वाटत नाय व्हय? पण ते आले तर? एवढ्या लांबून येऊन दारात उभे राहिले, आन आपण विचारलं, तुम्ही कोण, तर?" मी म्हटलं, ते येत नाहीत एवढ्या लांब. ती म्हणाली, तुम्ही त्यांची पंगत बघितली ना. येतात ते. तिच्या नखांत अजून लाल माती होती. मी रागानं तोंड फिरवून बसले.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आबा ओसरीत बाजेवर बसले होते. आम्ही आत गेलो, हातपाय धुतले, आणि वहिनीनं चुलीपाशी आईला सगळं सांगितलं, कौलांपासून गोठ्यापर्यंत. आईनं तोंडाला पदर लावला. ती कुजबुजली, की एक शब्द बाहेर काढू नको. तेवढ्यात बाहेरून आबांनी विचारलं, काय म्हणती सून? आई म्हणाली, काही नाय, बरी झाली सहल. माझा जीव भांड्यात पडला. मी पाण्याचा तांब्या उचलला, आणि बघते तर वहिनी उंबऱ्याशी जाऊन उभी. डोक्यावर पदर, नजर खाली.

"मामा, मी एक चुकीचं केलंय. पण ते मोडायचं नाय."

आबांनी रेडिओ बंद केला. तिनं सांगायला सुरुवात केली. आधी आवाज फुटत नव्हता, मग फुटला, मग थांबेना. धुकं, कडा, बिनछपराचं घर, जमनाबाई, पंगत, म्हाताऱ्याचा प्रश्न. तिला एवढं बोलता येतं, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. बहुतेक तिलाही नसावं. दादा कंपनीतून आला आणि दारातच उभा राहिला, बायको वडिलांशी बोलतेय हे बघत. ती थांबली तेव्हा आबा जमिनीकडं बघत होते.

मग ते म्हणाले, "ह्याला आपल्यात इर्जिक म्हणायचे. माझ्या बापानं घातलेली मी बघितलीय. बारा औतं एका वावरात." आणि पुढं, जणू स्वतःलाच, की ट्रॅक्टर आले आणि कोणी कोणाला बोलवायचं कारणच राहिलं नाही. मग त्यांनी वहिनीला विचारलं किती माणसं येतील, बायका किती, त्यांना ज्वारी चालती का बाजरी. सरळ वहिनीला. आईकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वहिनी उत्तरं देत गेली. शेवटी ते माझ्याकडं वळले. म्हणाले, हे लाहाचं तुमच्या पुस्तकात हाय का? मी नाही म्हटलं. आणखी काय काय कायदे हायेत त्यांचे? मी म्हटलं, मला माहीत नाही आबा, चार दिवसांत तेवढंच कळलं. मला वाटलं, हेच माझं चुकलं. काहीतरी ठोकून द्यायला हवं होतं.

"चार दिसांत काय कळणार," आबा म्हणाले. "पुन्हा जावं लागंल की मग."

मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. पाहुण्यांना काय निरोप द्यायचा, हे त्यांनी दादाला जेवताना दोन शब्दांत सांगितलं.

पाडव्याच्या आधी आठ दिवस ते आले. पाच जण, तीन पुरुष, दोन बायका, त्यांत वेस्ताबाबा आणि जमनाबाई. एसटी स्टँडवरून चालत, खांद्यावर कुऱ्हाडी घेऊन, विचारत विचारत. अर्धं बिडकीन त्यांच्या मागून आमच्या दारात आलं. आबांनी स्वतः त्यांच्या पायांवर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी गोठ्याचं जुनं छप्पर उतरलं, नवं चढलं, आणि काय झालं कोण जाणे, शेजारचे दोघं येऊन हात लावू लागले, मग आणखी चौघं. आईनं तीनदा पीठ मळलं. मी वही घेऊन बसले होते आणि दिवसभर लिहीत होते. तो माझा पहिला खरा अहवाल. आज मागं बघताना वाटतं, मी पुढं जे काही शिकले आणि शिकवलं, ते त्या दिवशीच्या वहीत होतंच, अक्षर तेवढं वाईट होतं.

निघताना आबांनी वेस्ताबाबाला थांबवलं. दुभाषी म्हणून मला बोलावलं. पण मलाही पावरी येत नव्हती, तेव्हा वहिनी आणि जमनाबाई खुणांनी समजावत होत्या. आबांना विचारायचं होतं, की पाच माणसं आली, आमची एकच गेली होती, मग आता तुमचं पुढचं काम कधी? बाबानं हातांनी दगडाचा बांध रचून दाखवला, आणि आभाळाकडं बोट करून पाऊस यायच्या आधी असं सांगितलं.

दादा पुढं झाला. म्हणाला, मी सुट्टी टाकतो आबा.

आबांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. ते वळले, माझ्याकडं आणि वहिनीकडं बोट केलं, आणि म्हाताऱ्याला कळावं म्हणून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "या दोघी येतील."